नंबर पाच जिवंत आहे, पण डीव्हीडी रीजन एकची निघाली

पिक्चरबद्दल बोलायच्या आधी डिस्कबद्दल बोलतो, कारण डोकं अजून तापलेलंच आहे. ‘शॉर्ट सर्किट’ नावाचा १९८६ चा इंग्लिश पिक्चर, तोच तो, वीज पडून जिवंत झालेल्या ‘नंबर फाइव्ह’ नावाच्या रोबोचा, लांब मान, दुर्बिणीसारखे डोळे, खाली रणगाड्याचे पट्टे. मला तो लेकीला दाखवायचा होता. माझ्याकडे ज्या दोन ॲपचे पैसे दर महिन्याला कापले जातात त्यात तो नव्हता, मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सेकंडहॅन्ड अमेरिकन डीव्हीडी मागवली. साडेसातशे रुपये, वर कुरिअर वेगळं. वर्णनात स्वच्छ लिहिलं होतं की सगळ्या प्लेअरवर चालेल. पाकीट आलं, बबल रॅप व्यवस्थित, डबीचा एक कोपरा तडकलेला, आतल्या कागदाला कुणाच्या तरी माळ्यावरचा वास. ते सगळं चालतं हो, जुन्या वस्तूला जुना वास येणारच. पण डिस्क आत घातली आणि प्लेअरने स्क्रीनवर जाहीर केलं की रीजन चुकीचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीव्हीडी कंपन्यांनी जगाचे तुकडे करून प्रत्येकाला नंबर दिला होता, एका तुकड्यातली डिस्क दुसऱ्या तुकड्यातल्या प्लेअरवर चालू नये म्हणून. अमेरिका एक नंबर. आणि आपण कितवे? पाच. म्हणजे नंबर फाइव्हचा पिक्चर नंबर पाचच्या देशात लागत नाही, ह्याला काय म्हणायचं. कॉलेजात असताना आमच्याकडे जो चायनीज प्लेअर होता त्यावर काहीही चालायचं, अगदी ओरखडे पडलेली, भाजीच्या पिशवीत आलेली डिस्कसुद्धा, आणि आत्ताचा हा महागडा शहाणा नियम दाखवतोय. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर, साहेब डिस्क ओके आहे, तुमचा प्लेअर चेक करा. परत करायची मुदत सात दिवस होती आणि मी दिवाळीच्या साफसफाईच्या गडबडीत पाकीट नवव्या दिवशी फोडलं होतं, तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी ऑफिसातल्या मित्राकडे लॅपटॉपला लावायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह निघाला. त्यात डिस्क घातल्यावर खिडकी उघडली की रीजन बदलता येईल पण आयुष्यात पाचच वेळा, त्यानंतर जो असेल तोच कायम. परत पाच! मी एक वेळा वापरला. मित्र अजून ऐकवतो, माझ्या ड्राइव्हच्या पाचातला एक तू खाल्लास.

आता माझं आणि ह्या पिक्चरचं काय नातं आहे ते सांगतो. आम्ही नाशिकरोडचे. वडील प्रेसमध्ये, म्हणजे नोटांच्या प्रेसमध्ये, आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या बिल्डिंगची वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि त्याच्याबरोबर तीन कॅसेटी, पहिली अमिताभची, दुसरी लक्ष्याची आणि तिसरी जी काय दुकानात शिल्लक असेल ती. त्या वर्षी तिसरी कॅसेट चुकून इंग्लिश आली, लेबलवर पेनाने काहीतरी गिचमिड. पहाटे दोन-अडीचला ती लावली, तोपर्यंत अर्धे लोक सतरंजीवर घोरत होते. चित्रात मुंग्या यायला लागल्या तेव्हा समोरच्या क्वार्टरमधल्या काकांनी खिशातून कोरी करकरीत नोट काढली आणि व्हीसीआरचं झाकण उघडून हेडवर हलकेच घासली. त्या काळात हा सगळीकडचा जालीम उपाय होता पण आमच्याकडे त्याची वेगळीच ऐट, कारण नोट छापणाऱ्यांच्याच घरातली. चित्र साफ झालं आणि समोर हा प्राणी, भुवया उडवत एका बाईच्या घरातली पुस्तकं पत्ते पिसल्यासारखी फरफर वाचत सुटलाय आणि ओरडतोय, इनपुट, इनपुट. इंग्लिश आम्हाला कुणालाच धड येत नव्हतं. काहीही अडलं नाही.

गोष्ट थोडक्यात अशी की नोव्हा नावाच्या लॅबमध्ये सैन्यासाठी पाच रोबो बनवलेत, अणुबॉम्ब पाठीवर घेऊन शत्रूच्या हद्दीत घुसणारे, आणि त्यांच्या लांबलचक नावाचं संक्षिप्त रूप काय तर सेंट, संत! प्रात्यक्षिक झाल्यावर चार्जिंगला लावलेले असताना त्यातल्या पाचव्यावर वीज पडते, तो बाहेर भटकतो आणि स्टेफनी नावाच्या मुलीच्या खाण्याच्या गाडीत शिरतो. ती आधी त्याला परग्रहावरचा पाहुणा समजते आणि हरखून जाते. पुढे त्याला बनवणारा न्यूटन क्रॉस्बी, त्याचा मदतनीस बेन आणि गोळ्या घालायला टपलेला कॅप्टन असे सगळे मागे लागतात. दिग्दर्शक जॉन बॅडम, ज्याने तीनच वर्षं आधी ‘वॉरगेम्स’ काढला होता, त्यातही लष्कराचा कॉम्प्युटर शेवटी युद्ध नको म्हणतो. हा माणूस त्या काळात हा एकच हट्ट धरून बसला होता असं दिसतं. स्टेफनी झालेली ॲली शीडीही त्यातलीच. क्रॉस्बी म्हणजे स्टीव्ह गुटेनबर्ग आणि कॅप्टन म्हणजे जी. डब्ल्यू. बेली, दोघंही ‘पोलीस अकॅडमी’ ह्या विनोदी पिक्चरवाले, त्यामुळे कॅप्टनला घाबरावं की हसावं हे शेवटपर्यंत ठरत नाही, आणि खरं सांगायचं तर पळापळीचे सगळे सीन आता बघताना लांबलेले वाटतात. ट्रक येतात, जीप येतात, लोक एकमेकांवर आदळतात, मी मध्ये उठून चहा टाकून आलो तरी आदळणं चालूच.

पण नाकतोड्याचा सीन.

स्टेफनीच्या अंगणात ह्याला गवतात नाकतोडा दिसतो. तो उडी मारतो तशी हाही मारायला बघतो, एवढं लोखंडी धूड, पट्ट्यांवर उचकतंय, परत उचकतंय, लहान पोरासारखं खूश, आणि एका उडीत नेमका त्या नाकतोड्यावरच येतो. हा वाकून बघतो. स्टेफनीला म्हणतो, परत जोड. ती म्हणते, नाही जोडता येत, तो मेला. हा परत म्हणतो, जोड ना. मग ती त्याला समजावते आणि ह्याच्या डोळ्यांवरची झाकणं वरखाली होतात, तेवढंच, बाकी चेहरा म्हणून काही नाहीच त्याला, आणि त्या दोन पत्र्यांच्या हालचालीतून कळतं की आता ह्याला स्वतःचं आठवलं. सुटं करणं म्हणजे मरणं. नोव्हावाले नेऊन माझंही तेच करणार. आणि तो गाडी घेऊन पळ काढतो, नो डिसअसेंबल, नो डिसअसेंबल ओरडत.

त्या रात्री आमची आजी जागी होती. तिला झोप कमीच. तिला इंग्लिश तर सोडाच, रोबो म्हणजे काय तेही कुणी सांगितलं नव्हतं, ती त्याला इतका वेळ ‘ते यंत्र’ म्हणत होती. नाकतोडा मेल्यावर ती पहिल्यांदा ‘तो’ म्हणाली. “घाबरला गं बाई तो, आपण पण मरतो हे कळलं त्याला.” मला तेव्हा काही समजलं नाही, मला वाटलं आजी उगाच काहीतरी बोलते झोपेत. लॅपटॉपवर आत्ता तो सीन आला आणि मी पॉज करून जरा बाल्कनीत जाऊन आलो.

असो. डिस्कबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर चित्र मध्यम आहे. आजच्या मोठ्या टीव्हीवर लावाल तर रात्रीचे सीन दाणेदार आणि काळेकुट्ट दिसतात, दिवसाचे छान. पण कॅसेटवर आम्ही जे बघितलं होतं त्यात दोन्ही बाजू कापलेल्या होत्या हे आत्ता कळलं, इथे पडदा रुंद आहे आणि समुद्राजवळचं ते ओरेगनमधलं ॲस्टोरिया गाव, नदी, लाकडी घरं, टेकड्या, सगळं ऐसपैस दिसतं. स्टेफनीचं घर त्याच गावात आहे. आवाज ठीक. डेव्हिड शायरचं संगीत आणि एल डीबार्जचं ‘हूज जॉनी’, जे गाणं १९८६ मध्ये बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं होतं, ते गाडीच्या रेडिओवर वाजतं आणि त्यावरूनच शेवटी हा स्वतःचं नाव जॉनी फाइव्ह ठेवतो. माझ्या मते डिस्कवरचा खरा माल म्हणजे बॅडम आणि दोन्ही लेखक एस. एस. विल्सन आणि ब्रेंट मॅडॉक यांची कॉमेंट्री, म्हणजे पिक्चर चालू असताना त्यावर त्यांचं बोलणं. तिघं जुने मित्र ओट्यावर बसून गप्पा मारल्यासारखं बोलतात. ह्याच दोन लेखकांनी नंतर जमिनीखालच्या अळ्यांचा ‘ट्रेमर्स’ लिहिला, त्यातही साध्या माणसांची अशीच तारांबळ.

ह्या रोबोत जीव कुठून आला तर तो खरोखर समोर उभा होता म्हणून. चित्र काढलं सिड मीडने, ज्याने ‘ब्लेड रनर’चं शहर उभं केलं, आणि बनवला एरिक अलार्डच्या टीमने. त्यांनी एक सूट केला होता, तो घालून माणूस हात, मान हलवणार आणि तिकडे रोबोचे हात, मान तशीच हलणार. कळसूत्री बाहुलीचाच प्रकार, फक्त दोऱ्यांच्या जागी रेडिओ. टिम ब्लेनी बाहुल्यांच्या कामातला माणूस आणि आवाजही त्याचाच. म्हणून ॲली शीडी जेव्हा त्याच्या डोळ्यात बघून बोलते तेव्हा ती हिरव्या पडद्यावर चिकटवलेल्या टेनिस बॉलकडे बघत नाहीये, समोर काहीतरी आहे जे तिला उलटं बघतंय. टीव्हीवर ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ बघून तो तिच्याबरोबर नाचतो, तो पिक्चर परत बॅडमचाच, स्वतःचीच टिमकी वाजवून घेतली गड्याने, तर त्या नाचात पट्ट्यांचा खडखड आवाज येतो, एकदा तोल जरासा जातो. मला तोच जास्त आवडतो, तो गेलेला तोल. आजचा कॉम्प्युटरवर काढलेला रोबो असता तर इतका सफाईदार नाचला असता की बघवलं नसतं.

आता बेन. ह्याच्याशिवाय आपल्याकडून ह्या पिक्चरचा रिव्ह्यू होऊच शकत नाही.

लहानपणी आम्ही त्याला बघून खूश होतो. अमेरिकेत रोबो बनवणाऱ्या टीममध्ये आपला माणूस! आमचा मोठा आतेभाऊ तेव्हाच म्हणाला होता की ह्याची बोलायची पद्धत कुठल्याच गावची नाही, पण आम्ही त्याला गप्प बसवलं. तो बेन म्हणजे फिशर स्टीव्हन्स, गोरा अमेरिकन नट, तोंडाला तपकिरी रंग फासून आणि तो तसला हेल काढून. आडनाव पहिल्या भागात जाबितुया, दुसऱ्यात तेच बदलून जारवी. अरे जोशी होते, जाधव होते, जावडेकर होते, एक फोन करायचा होता कुणाला तरी! अझीझ अन्सारी, तमिळ आईबापाचा अमेरिकेत वाढलेला कलाकार, त्याने २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की लहानपणी पडद्यावर भारतीय हिरो बघून तो किती हरखला होता आणि कॉलेजात गेल्यावर त्याला कळलं की तो भारतीय नव्हताच. मी तो लेख वाचला तेव्हा आतेभावाला फोन केला, त्याला काही आठवत नव्हतं, पण तू बरोबर होतास हे ऐकायला माणसाला कधीही आवडतंच.

गंमत म्हणजे त्या भूमिकेतला सगळ्यात चांगला विनोद ह्याच दुखऱ्या जागेवर आहे. क्रॉस्बी त्याला विचारतो, तू मूळचा कुठला? बेन म्हणतो, बेकर्सफिल्डचा. नाही रे, तुझे पूर्वज? ते होय, ते पिट्सबर्गचे. पुण्यातून जाऊन तिकडे दोन पिढ्या काढलेल्या कुणालाही विचारा, हा संवाद रोजचा आहे. लिहिणाऱ्याला दिसत होतं, निवडणाऱ्याला नाही दिसलं. आणि फिशर स्टीव्हन्स नट वाईट नाही हो, पुढे ‘द कोव्ह’ ह्या डॉक्युमेंटरीचा निर्माता म्हणून ऑस्कर घेतलंय त्याने, ‘सक्सेशन’ ह्या सिरियलमध्ये पण मस्त आहे. पण लेकीने विचारलं, बाबा हे काका इंडियन आहेत का, आणि मला “नाही गं, रंग लावलाय” असं सांगावं लागलं. का लावला, ह्याला माझ्याकडे दहा वर्षांच्या मुलीला पटेल असं उत्तर नव्हतं.

दुसरा भाग १९८८ चा, तो ह्या डिस्कवर नाही, मित्राने वेगळा आणून दिला. त्यात स्टेफनी आणि क्रॉस्बी नाहीत, बेनच हिरो, मोठ्या शहरात फुटपाथवर खेळण्यातले रोबो विकतोय. गोष्ट पहिल्यापेक्षा बाळबोध आहे पण एक जागा अशी आहे की लहान मुलांना दाखवताना जपून. चोर लोक जॉनीला कुऱ्हाडीने फोडतात आणि त्याच्या बॅटरीतलं पाणी रक्तासारखं गळायला लागतं. लेक रडली आणि तिच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मीच कुऱ्हाड चालवली. शेवटी त्याला सोनेरी मुलामा देऊन अमेरिकेचा नागरिक करतात, एच वन बीच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, रोबोचं काम झालं म्हणजे आमचं पण होईल कधीतरी.

आणि आता रीमेक. रीमेक येणार येणार हे ऐकून माझे केस पिकले. २००८ मध्ये डायमेन्शन फिल्म्सने हक्क घेतल्याची बातमी आली, मग दिग्दर्शक म्हणून स्टीव्ह कारचं नाव, मग काही वर्षांनी टिम हिलचं. मग शांतता. मग नोव्हेंबर २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, स्पायग्लास नावाच्या कंपनीने परत जाहीर केलं, एदुआर्दो सिस्नेरोस आणि जेसन शुमन लिहिणार, लॅटिनो कुटुंबाभोवती गोष्ट फिरणार. अजून थेटरात काही आलेलं नाही. लग्न ठरलं, साखरपुडा झाला, हॉल बुक झाला आणि नवरामुलगा दरवर्षी बदलतोय अशी परिस्थिती.

मला रीमेक नको आहे असं नाही, हे आधी सांगतो, कारण आमच्या वयाच्या लोकांचं एक ठरलेलं रडगाणं असतं की जुन्याला हात लावू नका. लावा की. नाकतोडा सोडून सगळ्याला लावा. पळापळ निम्मी करा, बेनला नीट माणूस द्या, लॅटिनो कुटुंब असेल तर उत्तमच, ‘मूळचा कुठला’ हा प्रश्न त्यांनाही रोज येतच असणार. पण रोबो खराखुरा बनवा. बाहुली बनवा. तारा दिसल्या तर दिसू देत.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, जिच्यामुळे मला वाटतं हा पिक्चर इतकी वर्षं अडलाय, ती म्हणजे १९८६ मध्ये जे अचाट होतं ते आता माझ्या फोनमध्ये आहे. सगळी पुस्तकं गिळून बोलणारं यंत्र. नीड इनपुट म्हणत अख्खा ज्ञानकोश फस्त करणारा रोबो बघून आम्ही तोंडात बोटं घातली होती, आणि आता लेक तिच्या आईच्या फोनवर बॉटला विचारून प्रोजेक्ट करते. पिक्चरमध्ये क्रॉस्बी त्याची परीक्षा घेतो, कागदावर टोमॅटो सूप ओतून घडी घालून दाखवतो, हे काय आहे सांग. हा आधी घटक सांगतो, लाकडाचा लगदा, टोमॅटो, पाणी, मीठ, अजिनोमोटो. क्रॉस्बी खट्टू होतो. मग हा म्हणतो, पण दिसतंय फुलपाखरासारखं, पक्ष्यासारखं. तेव्हा टाळ्या पडायच्या. आज हे कुठलंही ॲप करेल आणि वर आणखी दहा पर्याय देईल. मग नव्या पिक्चरमध्ये ह्याला जिवंत कशावरून म्हणायचं?

मला वाटतं उत्तर जुन्या पिक्चरमध्येच आहे, त्याच रात्रीच्या सीनमध्ये. क्रॉस्बी विचारतो, तुझा प्रोग्रॅम मारायचा आहे, तू का मारत नाहीस? तो म्हणतो, ते चूक आहे, पीएचडी असून तुला माहीत नाही? चूक आहे हे तुला कुणी सांगितलं? मीच मला सांगितलं. आय टोल्ड मी. मोडकं इंग्लिश, पण आजचं कुठलंही गुळगुळीत उत्तर त्याच्यापुढे फिकं आहे. आजच्या रीमेकमध्ये शस्त्र म्हणून बनवलेलं यंत्र नको म्हणतंय हे दाखवायला तर आता आणखीच धीर लागेल, कारण तेव्हा तो कल्पनेतला रोबो होता आणि आता आकाशात ड्रोन खरोखरचे आहेत. तो भाग कापून नुसता गोंडस रोबो आणि गाणी असं केलं तर मी जाणार नाही. खोटं बोलतोय, पहिल्या दिवशी जाणार, पण शिव्या देत.

आपल्याकडचा चिट्टी आठवतो का, २०१० चा रजनीकांतचा रोबो? तो शेवटी कोर्टाच्या हुकमावरून स्वतःचे हातपाय स्वतःच सुटे करून ठेवतो, आणि पुढे म्युझियममध्ये एक शाळकरी मुलगी विचारते की असं का केलं तर म्हणतो, मी विचार करायला लागलो म्हणून. हा इकडे डिसअसेंबल नको म्हणून जिवाच्या आकांताने पळतो आणि तो तिकडे निमूटपणे स्वतःला उलगडून ठेवतो. दोन्ही पिक्चर लागोपाठ दाखवल्यावर लेक म्हणाली, चिट्टीने पण पळायला पाहिजे होतं. तिच्या आईचं म्हणणं, त्याने आधी शहराची वाट लावली होती, विसरू नकोस. त्यावर जेवण होईपर्यंत घरात वाद.

‘शॉर्ट सर्किट’मधल्या क्रॉस्बीच्या त्याच परीक्षेत शेवटी तो विनोद येतो ना, कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट पाद्री आणि ज्यू रब्बी, तिघं ठरवतायत की आपल्याकडच्या पैशातला किती दानाला द्यायचा. एक म्हणतो जमिनीवर गोल काढू, पैसे उडवू, आत पडतील ते दानाला. दुसरा म्हणतो बाहेर पडतील ते. रब्बी म्हणतो, पैसे वर उडवू, देवाला हवे तेवढे तो ठेवून घेईल. नंबर पाच हे ऐकतो आणि गप्प. क्रॉस्बी निराश होतो. मोठी शांतता. आणि मग एकदम तो खदाखदा हसायला लागतो, आवरत नाही. तो पूर्ण सीन त्या शांततेवर उभा आहे, बाकी विनोद काय, आपल्याकडे ह्याहून सरस पाच-पन्नास निघतील.

लेक तेव्हा अजिबात हसली नाही. रब्बी म्हणजे कोण हे समजावण्यात पाच मिनिटं गेली, तोपर्यंत विनोदाचं पार भरीत झालं होतं. दोन दिवसांनी, मंगळवारी, ती वरण-भात कालवत होती आणि मध्येच थांबून फस्सकन हसली. “बाबा, म्हणजे त्याने गोल काढलाच नाही!” भात नाकात गेला, पाठ थोपटावी लागली.

तर घ्यायची असेल तर घ्या, अठ्ठ्याण्णव मिनिटांचा पिक्चर आहे, रविवारी दुपारी होऊन जातो. फक्त पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून डबीच्या मागचा फोटो मागवा, तिथे छोटा पृथ्वीचा गोल असतो आणि त्यात आकडा, तो नीट वाचा, वर्णनावर जाऊ नका. पिक्चरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बेनच्या रंगाचा कापला. विक्रेत्याला पाचपैकी एक, डबीवर जो आकडा आहे तोच. आणि ड्राइव्ह मित्राला परत द्यायचाय पण लेक म्हणते शनिवारपर्यंत ठेव, तिच्या मैत्रिणी येणार आहेत.